खाते भाड्याने देऊ नका, हेही शिकवा

सायबर सुरक्षेची व्याख्याने आता बऱ्याच कॉलेजांत होतात. ‘ओटीपी सांगू नका’, ‘पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही’ हे मुलांना पाठ आहे. घरी आजी-आजोबांना तीच समजावतात. पण या व्याख्यानांचा सगळा भर आपण फसू नये यावर. आपल्या मदतीने दुसरा फसवला जाऊ शकतो, हे फारसे कुणी बोलत नाही.

‘बँक खाते काही दिवस वापरायला द्या, कमिशन मिळेल’ असे निरोप टेलिग्रामवर फिरतात. हातखर्चाची चणचण असलेला मुलगा एटीएम कार्ड आणि सिमकार्ड देऊन मोकळा होतो. मग ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे तोतया पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर दाखवलेल्या खोट्या अटकेच्या धाकाने एखाद्या निवृत्त माणसाकडून उकळलेली रक्कम अशाच खात्यांतून बघता बघता पुढे सरकते. पोलीस मात्र खातेदाराच्या दारात येतात, कारण कागदावर नाव त्याचे. खाते गोठते, चौकशी मागे लागते, आणि ‘मला माहीत नव्हते’ एवढ्यावर सुटका होत नाही.

अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली तयार केली, हे उत्तमच. पण विद्यार्थ्याचे पहिले खाते उघडताना बँक कर्मचाऱ्याने दोन वाक्ये बोलायला काय हरकत आहे? (विमा घ्या म्हणायला वेळ असतोच!) आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर दिसते. कॉलेजांनी ओळखपत्रे वाटतानाच प्रत्येकाला ते तपासायला लावावे आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा मदत क्रमांक ओळखपत्रामागे छापावा.

– एक वाचक, सातारा