चेक परका, मग शह कुणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांमध्ये कुणीतरी तावातावाने लिहिलं होतं की मराठीत घुसलेले इंग्रजी शब्द हाकलून द्या, आणि त्यांच्या यादीत पहिलाच नंबर चेकचा, धनादेश असा छान शब्द असताना चेक कशाला वगैरे वगैरे. आणि गंमत म्हणजे त्याच अंकात पहिल्या पानावर तुमचा ठळक मथळा, त्यात 'शह-काटशह'! मला हसूच आलं, कारण शह आणि चेक ही एकाच शब्दाची दोन पोरं आहेत, एक आपल्याकडे वाढलं आणि दुसरं सगळं जग फिरून आलं, एवढाच काय तो फरक.

मूळ शब्द फारसी, शाह म्हणजे राजा, आपल्या बादशहातला तोच. बुद्धिबळात समोरच्याच्या राजावर हल्ला केला की 'शाह!' असं म्हणून त्याला सावध करायचे. हा खेळ इराणातून अरबांकडे गेला, तिथून युरोपात, आणि प्रत्येकाने आपापल्या जिभेप्रमाणे शब्द वाकवला. जर्मनांनी शाख केलं, फ्रेंचांनी एशेक, आणि इंग्रजांनी पुढचा ए खाऊन चेक. चेस हे खेळाचं नावसुद्धा त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलंय, म्हणजे चेस म्हणजे चक्क 'पुष्कळ चेक'. आणि चेकमेट म्हणजे शाह मात. आपण संकटावर मात करतो ना, तीच मात. त्या मेटचा क्लासमेट-रूममेटशी काहीही संबंध नाही, तो मेट वेगळा, एका ताटात जेवणारा असा त्याचा मूळ अर्थ.

आता राजाला शह बसला की बाकीचे सगळे बेत बाजूला ठेवून आधी तो सोडवावा लागतो, खेळणारा जागच्या जागी अडकतो. तिथून चेक म्हणजे अडवणं, लगाम घालणं असा अर्थ आला, चौदाव्या शतकातच. तपासून बघणं हा अर्थ बराच नंतरचा, आणि आपण मराठीत नेमका तोच उचलला. चेकपोस्टवर मात्र दोन्ही अर्थ एकत्र भेटतात, आधी अडवतात आणि मग तपासतात.

चेक्सचा शर्ट पण ह्याच घरातला. बुद्धिबळाच्या पटावरच्या चौकटी, म्हणून चौकडीचं कापड ते चेक्स. पण मला सगळ्यात आवडतो तो इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचा किस्सा. तिथल्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर म्हणतात, त्यातला एक्स्चेकर म्हणजे मुळात बुद्धिबळाचा पट. रिचर्ड फिट्झनील नावाचा खजिनदार होता, त्याने 1170 च्या दशकात ह्या कारभाराचं वर्णन लिहून ठेवलंय. साधारण 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद टेबल, सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून त्याला चार बोटं उंच काठ, आणि वर रेघा आखलेलं काळं कापड. पेनीचा रकाना वेगळा, शिलिंगचा वेगळा, पाउंडाचा वेगळा, आणि त्यात सोंगट्या सरकवत हिशोब चालायचा. रोमन आकड्यांत बेरीज करून बघा एकदा, मग कळेल सोंगट्या का लागायच्या! एका बाजूला खजिनदार, समोर वसुलीचे पैसे घेऊन आलेला शेरीफ, आणि फिट्झनील स्वतःच म्हणतो की ही दोघांतली बुद्धिबळासारखी लढाईच आहे. पैसे भरल्याची खूण म्हणजे खाचा पाडलेली लाकडी काठी, ती उभी चिरून दोघांकडे एकेक अर्धी ठेवायची, हिशोबाच्या वेळी दोन्ही जुळवून बघायच्या. ही पद्धत इतकी शतकं चालली की जुन्या काठ्यांचा ढीग झाला, आणि 1834 मध्ये तो जाळायला घेतला तर त्या आगीत ब्रिटिश पार्लमेंटची इमारतच गेली.

बँकेतला चेक जन्माला आला अठराव्या शतकात, आणि तेव्हा चेक म्हणजे हातात द्यायचा कागद नव्हेच! चेक म्हणजे मागे उरणारं अर्धुक, ज्याच्याशी ताडून बघून खोटा कागद पकडता येईल ते. पुढे नाव अख्ख्या कागदालाच चिकटलं, आणि इंग्रजांनी एक्स्चेकरच्या प्रभावाखाली त्याचं स्पेलिंग क्यू घालून भारदस्त केलं, अमेरिकनांनी साधंच ठेवलं (त्यांच्याकडे हॉटेलचं बिलही चेक आणि बरोबरची खूणही चेकच). मी स्वतः आयुष्य बँकेच्या काउंटरवर काढलंय, त्यामुळे सांगतो, लोक चेक व्यवस्थित भरतात, दोन रेघा मारतात, सही पुन्हा पुन्हा निरखून बघतात आणि अर्धुक कोरंच सोडतात. मग महिन्याभराने येऊन आम्हालाच विचारणार, साहेब हा चेक मी कुणाला दिला होता हो? म्हणजे जो खरा चेक तोच कोरा!

धनादेशाला माझा विरोध नाही, खुशाल लिहा, अर्थ लगेच कळतो. फक्त चेकला परका म्हणून हाकलणार असाल तर मथळ्यातला शह आणि मात पण त्याच गाडीत बसवावे लागतील, आणि मग निवडणुकीच्या बातम्या तुम्ही कशा लिहिणार ते मला बघायचंय.

आपला,
एक जुना वाचक

ता.क. चेक प्रजासत्ताकातला चेक ह्या खानदानातला नाही. त्याचं इंग्रजी स्पेलिंगही वेगळं, पोलिश वळणाचं. देवनागरीत लिहिलं की सारखं दिसतं इतकंच, त्यामुळे मी फसलो आणि माझ्या नातवाने चूक दाखवून मला ह्या एका बाबतीत मात्र शह दिला.