दंड दुकानदाराला, आणि रॅम्प तोडणाऱ्याला?

प्रति,
मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या पालिकेच्या अतिक्रमण पथकाने माझ्या झेरॉक्सच्या दुकानापुढचा रॅम्प जेसीबीने उखडून नेला. नोटीस नाही, पंचनामा नाही. लोखंडी चौकट, वर खरबरीत पत्रा, बाजूने कठडा. व्हीलचेअरवरच्या माणसाच्या हाताला कठडा उंच पडत होता म्हणून वेल्डरला पुन्हा बोलावून तो खाली घेतला होता. आता दारात दीड फुटाचे जोते आणि त्याखाली उघडे गटार. मी स्वतः पोलिओग्रस्त आहे, डाव्या पायात कॅलिपर घालून चालतो. स्वतःच्या दुकानात चढायला मला शेजाऱ्याचा खांदा लागतो.

साहेब, 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा मला तोंडपाठ आहे. कलम 46 प्रमाणे सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, ती सेवा सुगम, म्हणजे दिव्यांगाला अडथळ्याविना वापरता येईल अशी, असलीच पाहिजे. मोडले तर कलम 89 : पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडले तर 50 हजार ते 5 लाख. हा कायदा मला हवा आहे, तो माझ्यासारख्यांसाठीच झाला. पण तो पाळायचा कुठे आणि कसा?

हिशेब करा. एक फूट चढायला बारा फूट उतार, म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट. आमची गल्लीच पंधरा फुटांची. म्हणून रॅम्प भिंतीला लागून आडवा घेतला. शेजारच्या किराणावाल्याने आपल्या ओट्यापुढून नेऊ दिला, तेव्हा कुठे जमले. जोते उंच का, तर दर पावसाळ्यात गटार तुंबून पाणी आत येते. गटार पालिकेचे, रस्ता पालिकेचा, रॅम्प टेकतो ती जमीनही पालिकेची. दंडाची भीती तेवढी माझी! दहा बाय बाराच्या भाड्याच्या गाळ्यातल्या माणसाने जमीन आणायची कुठून?

दाद मागायला गेलो तर संबंधित साहेब दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कॅलिपर काढून, पायरीवर बसून, हातांच्या जोरावर एकेक पायरी वर सरकलो. लोक बाजूने चढत-उतरत होते. वर गेल्यावर ऐकायला मिळाले, 'परवानगी आणा.' कोणाची, ते कुणालाच सांगता आले नाही. बांधकामवाले अतिक्रमणकडे बोट दाखवतात, अतिक्रमणवाले बांधकामकडे. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. अपंगत्वाचे दुःख मी लहानपणीच गिळले, हा अपमान गिळवत नाही.

तुमच्या इमारतींचे काय? याच कायद्याचे नियम आल्यापासून पाच वर्षांत सार्वजनिक इमारती सुगम करायच्या होत्या. नियम 2017 चे, म्हणजे मुदत 2022 लाच संपली. सुगम्य भारत अभियान तर 2015 पासूनचे. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेबद्दलच्या राजीव रतुरी प्रकरणात सांगितले की नुसत्या शिफारशींसारखे नियम चालणार नाहीत, तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा. त्या तीन महिन्यांना किती काळ लोटला? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग होते. एवढ्या माणसांना पायरीखाली उभे करून हे राज्य पुरोगामी म्हणवते, याची मला चीड येते. उद्घाटनाला मंडप हवा असला की तुमचेच लोक एका रात्रीत रस्ता अडवतात, तेव्हा हे पथक कुठे असते?

रॅम्पला अतिक्रमणातून वगळणारा लेखी आदेश काढा. लहान दुकानदाराला परवानगी एकाच टेबलावर, तळमजल्यावर मिळू द्या. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, हा शासनाचाच आदेश आहे. त्यातून अशा रॅम्पना पैसे द्या. आणि माझा रॅम्प ज्यांनी तोडला त्यांच्याकडून तो भरून घ्या. कलम 89 त्यांनाही लागू करा, पहिला दंड मला नको.

उत्तर लेखी हवे.

आपला,
एक झेरॉक्सवाला