शाल-श्रीफळाला १४ हजार, संपादनाला शून्य

महोदय,

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. ‘मराठीत वाचकच उरला नाही’ हा त्याचा सूर मला मान्य नाही. या वाटेने मी दोनदा गेलो आहे. पहिल्यांदा आपटलो, म्हणून सांगतो.

मी लाइनमन. ३१ वर्षं म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यात पोलावर चढण्यात गेली. निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा, म्हणजे ३ जून २०२०ला, ड्युटीवर होतो. निवृत्तीनंतर आठवणी लिहिल्या आणि २०२२मध्ये एका प्रेसवाल्याकडून ‘पॅकेज’ घेऊन छापल्या. १९२ पानं, ५०० प्रती, ६२ हजार रुपये. त्यात आयएसबीएनचे (पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे) म्हणून दोन हजार वेगळे लावले होते. तो क्रमांक आपल्याकडे सरकार फुकट देतं, हे मला वर्षभराने कळलं. प्रकाशनाचा हॉल, पाहुण्यांची गाडी, शाल-श्रीफळ आणि वडे-चहा मिळून आणखी १४ हजार. विकल्या गेल्या ४० प्रती. शंभरेक भेट दिल्या, त्या कुणी उघडल्या असतील असं वाटत नाही. बाकीचे गठ्ठे माळ्यावर गेले.

पुढच्या वर्षी वादळाला तीन वर्षं होत होती. भाची म्हणाली, मामा, तेवढं प्रकरण ब्लॉगवर टाकू. प्रेसची फाइल जुन्या फॉन्टमधली, चिकटवली तर नुसत्या खुणा आणि चौकोन. तिने सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटर-मोबाइलवर नीट दिसेल अशा अक्षरांत, पुन्हा टाइप केलं. (पुस्तक छापणाऱ्यांनी प्रेसकडून युनिकोड फाइल आधीच मागून घ्यावी.) टाकण्याआधी तिने ते पनवेलच्या एका बाईंना दाखवलं. बाई पूर्वी एका मासिकात संपादन करत. मला वाटलं, ऱ्हस्व-दीर्घ बघतील. माझी सुरुवात अशी होती : ‘कोकणच्या नयनरम्य किनाऱ्यावर निसर्गाने रौद्ररूप धारण केले आणि आम्ही कर्मचारी कर्तव्यभावनेने सज्ज झालो.’ बाईंनी त्यावर आडवी रेघ मारली आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘तुम्ही नेमके कुठे होतात? हातात काय होतं?’

राग आला. दोन दिवस कागद तसाच पडून होता. मग उत्तर म्हणून लिहिलं : ‘सबस्टेशनच्या कोपऱ्यात तिघं उकिडवे बसलो होतो. माझ्या हातात तांदळाची अर्धी भाकरी होती. पत्रा उडाला तेव्हा ती तशीच मुठीत राहिली.’ बाई म्हणाल्या, हीच सुरुवात.

ते प्रकरण ३ जून २०२३ला ब्लॉगवर गेलं. भाचीने लिंक आमच्या गावाच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तिथून ती दिवेआगर, हरिहरेश्वर, पार नालासोपाऱ्यापर्यंत फिरली. वादळाच्या त्या पावसाळ्यात, २०२०मध्ये, आमच्याकडची गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, त्यामुळे सांगण्यासारखं प्रत्येकाकडे होतं. एकाने लिहिलं, आमच्या वाडीत लाइट आली तेव्हा आजीने मीटरला हळद-कुंकू लावलं. एकाने माझी चूक काढली : त्या रात्री बंद होता तो फीडर (सबस्टेशनातून निघणारी वीजवाहिनी) दुसराच. बरोबर होतं त्याचं, मी दुरुस्ती केली. मग दर पंधरा दिवसांनी एक प्रकरण टाकत गेलो. ज्यावर कुणी काहीच बोललं नाही, ती प्रकरणं पुस्तकातून काढली. बढती आणि बदल्यांवरची होती ती. मला फार आवडायची.

बाईंनी पानाला ५० रुपये घेतले, म्हणजे ९,६००. पण बारा फॉर्मांचं (एक फॉर्म सोळा पानांचा) पुस्तक नऊ फॉर्मांत आलं आणि त्यांची निम्मी फी कागद-छपाईतच सुटली. नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२४मध्ये काढली, या वेळी २०० प्रतीच. त्यातल्या १३० प्रतींसाठी लोकांनी आधीच नाव-पत्ता कळवला होता. प्रकाशन समारंभ केला नाही. तीन आठवडे घरी बसून पुड्या बांधल्या.

हल्ली संपादक म्हटलं की लोकांना मुद्रितशोधक, म्हणजे छपाईतल्या चुका काढणारा, वाटतो. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांकडून पुन्हा पुन्हा लिहून घेत, हे जाणकारांना ठाऊक आहे. आमच्यासारख्यांना कोण भागवत मिळणार? पण पनवेलच्या बाईंसारखी माणसं जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, आणि त्यांना कुणी विचारत नाही. आपल्या लेखातही मुखपृष्ठ, जाहिरात, वितरण सगळं होतं, संपादनाबद्दल एक ओळ नव्हती.

एक तक्रार मात्र सरकारकडे आहे. माझी आवृत्ती आली आणि महिन्याभरात, डिसेंबर २०२४मध्ये, टपाल खात्याने रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं. तोवर खेड्यातल्या वाचकाला थोडक्या पैशांत, पोच घेऊन पुस्तक पाठवता येत होतं. त्यानंतर दीडशे रुपयांच्या पुस्तकाला टपालखर्चच जड झाला. पुस्तक मागवणाऱ्याला तो आकडा सांगताना जीभ अडखळायची. मोठे प्रकाशक तो सोसतील, आम्हाला झेपला नाही. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त लाइनमन,
म्हसळा, जि. रायगड