‘काही करत नाही हो तो!’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोठ्या कुत्र्याच्या मालकाच्या तोंडी हे वाक्य कायम असतं. 11 वर्षं ते माझ्याही तोंडी होतं. आमचा शेरा जर्मन शेफर्ड, 38 किलोचा, स्वभावाने अगदी गरीब. तो जाऊन दोन वर्षं झाली. लिफ्टमध्ये आम्ही शिरलो की कोपऱ्यात अंग चोरून उभे राहणारे शेजारी मला आता आठवतात. त्यांची भीती घालवायला माझं ते वाक्य कधीच पुरलं नसणार.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच सोसायटीत सकाळी एक पंधरा-सोळा वर्षांचा पोऱ्या मालकाचा रॉटवायलर घेऊन जिना उतरत होता. हातात तो दांडीतून सुटत जाणारा लांब पट्टा. समोरून वॉचमनची मुलगी दुधाच्या पिशव्या घेऊन आली. कुत्र्याने झेप घेतली, पोऱ्या तीन पायऱ्या फरपटत गेला, पिशव्या फुटल्या, आणि मुलीच्या हातात चार दात रुतले. मी तिला आमच्या नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली. दवाखान्यात तिला रेबीजची लस दिली, आणि रक्त आलं होतं म्हणून जखमेतच रेबीजविरोधी सीरम टोचलं. तेव्हा तिने माझा हात असा आवळला होता की वळ उठले. पुढे महिनाभर इंजेक्शनांच्या फेऱ्या. मालक खाली आले आणि म्हणाले, ‘‘आजवर कधी असं केलं नाही हो त्याने.’’ ती मुलगी अजूनही एकटी जिना चढत नाही.

अशा घटना घडल्या की जातीवर बंदी घाला, अशी मागणी होते. 12 मार्च 2024 ला केंद्राने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलरसह 23 जातींची विक्री, पैदास आणि पाळणं थांबवायला सांगितलंही होतं. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं, म्हणून महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मला ते पत्र तेव्हाही पटलं नव्हतं. वरळीत 2018 मध्ये लिफ्टमध्ये शेजाऱ्याला चावला तो हस्की होता, आणि हस्की त्या यादीत नव्हताच. ‘मूल घाबरतंय, थोडं थांबा’ असं सांगूनही मालकाने कुत्र्याला आत ओढलं होतं. यात जातीचा काय दोष? मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली, पण त्यासाठी मे 2025 उजाडावा लागला.

आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार पाळीव प्राण्याबाबत अशी हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण हे सगळं दात लागल्यानंतरचं. आधी काय?

मला हे एका प्रशिक्षकाने शिकवलं, तेही शेराने मांजरीमागे धावताना मला रस्त्यावर पाडल्यानंतर. पट्टा आखूड धरायचा, कोपर अंगाला लावून. लिफ्ट येईपर्यंत कुत्र्याला बसवायचं आणि आत कुणी असेल तर ती लिफ्ट सोडून द्यायची. कुत्र्याचं तोंड मिटलं, अंग ताठरलं आणि नजर एकाच जागी खिळली, की भुंकण्याची वाट न बघता त्याला वळवून न्यायचं. यातलं काहीही कठीण नाही. रोज करावं लागतं, एवढंच. आणि ज्याला कुत्रा आवरत नाही, त्याच्या हातात तो द्यायचा नाही, मग तो घरातला मुलगा असो की कामाला ठेवलेला पोऱ्या.

परवान्यासाठी आमच्याकडे लशीचा दाखला मागत. कुत्र्याला फिरवतं कोण, त्याला काही शिकवलंय का, हे 11 वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही. मोठ्या कुत्र्याच्या परवान्याचं नूतनीकरण करताना महापालिकांनी हे दोन प्रश्न विचारावेत, आणि पट्टा धरणाऱ्याला कुत्रा खरोखर आवरतो का, हे तिथेच बघावं. सोसायट्यांना कुत्रा पाळायला मनाई करता येत नाही, आणि येऊही नये. पण जिन्यात आणि लिफ्टमध्ये आखूड पट्टा हवा, एवढं तर आपण कुत्रेवाल्यांनी पुढच्या सभेत स्वतःहून मांडावं. आमच्या सभेत मी ते मांडणार आहे.

आपली,
एक श्वानप्रेमी वाचक