स्लीव्ह पाठीला टेकली पाहिजे

नाशिक, ७ जानेवारी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

अँबॅसेडरच्या इंजिनचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा मुख्य ओतीव भाग, मोजून झाला. चारही बोअर (पिस्टन ज्यात फिरतात ती भोकं) ४० थाउ, म्हणजे सुमारे १ मिलिमीटर, ओव्हरसाइज झालेले आहेत, आणि तिसऱ्यात वरची रिंग जिथून परत फिरते तिथे खोल ओरखडे आहेत. आता आणखी मोठा पिस्टन शोधण्यात अर्थ नाही. चारही बोअरना ड्राय स्लीव्ह, म्हणजे आतून बसवायची पातळ नळी, घालून मूळच्या ७३.०२५ मिलिमीटरवर यायचं. एकट्या तिसऱ्याला घातली तर एक पिस्टन लहान आणि तीन मोठे होतील, वजनं जुळणार नाहीत.

शनिवारी सातपूरच्या वर्कशॉपमध्ये बोअरिंगच्या (बोअर कापून मोठे करण्याच्या) वेळी तू स्वतः उभी राहणार आहेस, म्हणून सविस्तर लिहितोय.

ड्राय स्लीव्हला पाणी लागत नाही. तिची उष्णता ब्लॉकच्या भिंतीतून पाण्याकडे जाते, म्हणून ती पाठीमागे सगळीकडे लोखंडाला टेकलेली हवी. मध्ये हवेचा किंवा तेलाचा पातळ थर राहिला तर तेवढाच भाग तापतो आणि पिस्टन तिथे धरतो, म्हणजे जाम होतो. दोष मात्र पिस्टनला किंवा ऑइलला दिला जातो.

२.४ मिमी जाडीच्या स्लीव्हचा बाहेरचा व्यास ७८ मिमीच्या आसपास येतो. म्हणजे आजच्या बोअरमधून दर बाजूला जवळपास २ मिमी लोखंड निघणार. पाण्याच्या बाजूने गंजून खड्डे पडले असतील तर ते इथे उघडे पडतात, म्हणून प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती बघणं) दोनदा हवी: आत्ता एकदा आणि बोअर वाढवल्यावर, स्लीव्ह घालण्याआधी, पुन्हा एकदा. दुसरी टेस्ट टाळायचा आग्रह होईल. ऐकू नकोस.

ब्लॉक किती कापायचा ते कॅटलॉग बघून ठरवायचं नाही. प्रत्येक स्लीव्ह वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी मायक्रोमीटरने मोज, तिच्यावर नंबर घाल आणि तिचा बोअर तिच्यापेक्षा ५० ते ६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान ठेव. ३० च्या खाली गेलं तर स्लीव्ह कालांतराने सैल होते. ८० च्या वर गेलं तर जुनं बीड (ओतीव लोखंड) तडकू शकतं, नाहीतर शेजारचा बोअर लंबगोल होतो. सध्या इथे पहाटे १० अंश आणि दुपारी २८ अंश असतं. एवढ्या फरकाने ७८ मिमीच्या बीडात १५ मायक्रॉन बदलतात, म्हणजे ठेवलेल्या घट्टपणाचा चौथा हिस्सा. त्यामुळे शुक्रवारी रात्रीच ब्लॉक आणि स्लीव्ह एकाच खोलीत ठेवायला सांग आणि दोन्हींची मापं एकाच वेळी घे.

बोअर करताना मेन बेअरिंगच्या (क्रँकशाफ्ट धरणाऱ्या बेअरिंगच्या) कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळलेल्या असू देत. तळाला ३ मिमीची पायरी सोडायची. टूलमुळे पायरीच्या कोपऱ्यात गोलाई राहते. स्लीव्हच्या खालच्या कडेचा चॅम्फर (तिरका कापलेला कोपरा) त्याहून थोडा मोठा हवा. नाहीतर स्लीव्ह पायरीऐवजी गोलाईवर अडून बसते. त्या दिवशी सगळं ठीक दिसतं, पण इंजिन तापलं की ती खाली सरकते आणि हेड गॅस्केट जातं. भिंतही गुळगुळीत हवी. खरखरीत कापलेली असेल तर उंचवटे दाबले जातात आणि घट्टपणा नुसता मापातच राहतो.

बसवताना हातोडा नको. ड्राय आइसमध्ये स्लीव्ह सुमारे ८५ मायक्रॉन आखडते आणि हाताने आत जाते, पण तिच्यावर लगेच दव धरतं, म्हणून कोरडी पुसून एका दमात घालायची. पायरीवर टेकली की गरम होईपर्यंत प्रेसने दाबून धरायची, नाहीतर ती मध्येच पकडते आणि खाली फट राहते. क्रम १, ३, २, ४ ठेव, म्हणजे ताण एकाच बाजूला साचणार नाही. वर राहिलेली पाव मिलिमीटर कड ब्लॉकच्या सरफेसिंगमध्ये, म्हणजे वरची बाजू सपाट करताना, निघते.

आतला फिनिश बोअर चारही स्लीव्ह बसल्यावरच काढायचा. होनिंगला, म्हणजे दगडाने शेवटचं घासायला, ५० ते ७० मायक्रॉन राखायचे. रेघांमधला कोन ४५ ते ६० अंशांचा. नंतर गरम पाणी, साबण आणि ब्रश. रॉकेलने दगडाची पूड निघत नाही. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच राहीपर्यंत धू, आणि पुसल्या पुसल्या ऑइल लाव, नाहीतर डोळ्यांदेखत गंज चढतो. रिंग पिस्टनने सरळ आत ढकलून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) टोकांमधली फट बघ, ०.३० मिमी हवी.

येताना चारही स्टँडर्ड पिस्टन बरोबर आण. प्रत्येक पिस्टन मोजून त्याचाच बोअर फिनिश करायचा आहे. पिस्टन हातात नसतील तर स्लीव्ह बसवून काम तिथेच थांबव, पुढचं सोमवारी करू.

तुझे,
बाबा