बंदूक राखणीची की कमरेची?

मा. संपादक,
स. न.

स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाचे परवाने सढळ हाताने द्या, लोकांची मानसिकता आता बदललीय, असं सांगणारा कालचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितोय. मानसिकता बदललीय हे खरंच आहे. पण कुणाची आणि कशी, ते लेखात कुठेच नाही.

आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून शेतीसंरक्षणाची काडतुसाची बंदूक आहे. वडील ती फक्त रात्री राखणीला न्यायचे, बाजारात किंवा लग्नाकार्यात कधीच नाही, पाहुणे आले की माजघरातल्या खुंटीवरच्या बंदुकीवर गोणपाट टाकायचे. चारचौघांत बंदूक दाखवायची लाज वाटायची माणसांना. आणि गेल्या मे महिन्यात नात्यातल्याच एका लग्नात एक तिशीतला मुलगा कमरेला पिस्तूल लावून पंगतीत वाढत होता, पोरं त्याच्यासोबत सेल्फी काढत होती. मी विचारलं हे कशाला रे, तर म्हणाला, काका सेफ्टीसाठी. आपल्याच माणसांच्या मांडवात कुणापासून सेफ्टी?

त्याला परवाना मिळतो आणि माझं काय झालं ते ऐका. २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, लगेच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा म्हणून निरोप आला. भात नेमकं कापणीला आलेलं. कुणाची बंदूक जमा करायची हे छाननी समितीने माणूस बघून ठरवायचं असतं, माझ्यावर आयुष्यात साधी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारही नाही, हे सगळं तिथे सांगितलं पण ऐकून घ्यायला कुणी तयार नाही, सरसकट सगळ्यांच्या घेतल्या. रानडुकरांना आम्हाला मारायचं नसतं हो, एक बार काढला तरी कळप पळतो. आम्ही डबे बडवले, फटाके लावले, दोन रात्री कळप वरच्या बांधावरून हलला नाही आणि तिसऱ्या रात्री भाताचे दोन कुणगे, म्हणजे वाफे, लोळवून टाकले. मतदान २० नोव्हेंबरला झालं, बंदूक हातात येईपर्यंत राखायला काही उरलंच नव्हतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांचा फेसबुक लाइव्ह चालू असताना खून झाला, ते पिस्तूल परवान्याचं होतं, तेही मारणाऱ्याच्या बॉडीगार्डचं. ऑक्टोबरमध्ये वांद्र्याला माजी मंत्री बाबा सिद्दीकींवर गोळीबार झाला, सोबत पोलीस होता तरी ते वाचले नाहीत. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनानंतर एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याचं उघड झालं, सगळ्या पेपरांत आलं होतं. मग लेखकाने सांगावं, या बाराशेतल्या किती जणांनी स्वतःचा जीव वाचवला आणि किती जणांनी दुसऱ्याला नुसतं दाखवून गप्प केलं?

परवाना द्यायचाच तर ज्याचं पीक डुकरं, वानर खातात त्याला वेळेत द्या आणि त्याची बंदूक कापणीच्या तोंडावर काढून घेऊ नका. वडील गेल्यावर ही बंदूक माझ्या नावावर व्हायला दोन वर्षं गेली, दर खेपेला एक नवा कागद मागायचे.

अजून एक, सकाळची एसटी बंद झाल्यापासून तुमचा पेपर आमच्या गावात दुपारी दीडला येतो. तीनदा कळवलं, अजून काही झालं नाही. त्याचंही जरा बघा.

आपला,
एक भातशेतकरी,
ता. कणकवली