गाडीचा आवाज ओळखणारे मिस्त्री

महोदय,

जॅकवर उचललेली मोटार अचानक खाली येऊन आमच्या गावच्या मिस्त्रींचा नुकताच मृत्यू झाला आणि बातमीत ‘मेकॅनिक ठार’ एवढाच उल्लेख आला, म्हणून हे पत्र. इंजिनाचा आवाज ऐकूनच ते बिघाड सांगत. स्पार्क प्लगच्या टोकावरची काजळी बोटाने पुसून ‘पेट्रोल जास्त जातंय, प्लग बदलायची गरज नाही’ असे सांगत आणि गिऱ्हाइकाचा खर्च वाचवत. भाग बदललाच, तर जुना भाग आठवणीने हातात ठेवत. हा प्रामाणिकपणा सहसा आढळत नाही. हाताखालच्या पोरांवर ते ओरडत, तेही भरपूर, पण त्यांतल्या काहींनी आज स्वतःची गॅरेजे थाटली आहेत.

हायड्रॉलिक जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. त्याचे सील गळू लागले की तेलाचा दाब उतरतो आणि गाडी खाली बसते. त्यामुळे खाली शिरण्यापूर्वी भक्कम स्टँड लावणे आणि चाकांना ठोकळे देणे अत्यावश्यक असते. त्यांच्या गॅरेजमध्ये आता शिकाऊ मुलेच काम पाहत आहेत. त्यांना निदान स्टँडचा एक जोड वाहनधारकांनी वर्गणी काढून घेऊन द्यावा, ही विनंती.

– एक वाचक